मजकूर वाचून दाखविला

प्रति: मा. गटशिक्षणाधिकारी, चिखली.
अर्जदार: मी, अर्जनवीस, सातवी पास, टेबल तहसील कचेरीसमोर, ता. चिखली.
गैरअर्जदार: प्रथम मी स्वतः. नंतर शाळा समितीचे अध्यक्ष, ज्यांना गाव भाऊसाहेब म्हणते.
साक्षीदार: माझी पत्नी. माझी मुलगी, इयत्ता नववी.
घटनेचा दिवस: पोळ्याचा आदला.

त्या दिवशी भाऊसाहेबांनी मला ओसरीवर, चपला काढतात तेथे बसविले. खुर्ची होती. तिच्यावर त्यांची टोपी होती. शाळेत सरकारी दवाखान्यातील सिस्टरबाई मुलींना पाळी, स्वच्छता, कमी वयातील गर्भारपण यांविषयी सांगतात. तो वर्ग बंद व्हावा, असा अर्ज मातांच्या नावे लिही, असा हुकूम झाला. मातांना विचारावे काय, एवढेच मी बोललो.

"त्याहिले काय इचारतं बे? अंगठे घे. तुले लिव्हाले बलावलं, इचार कराले नाही."

बसलेली माणसे हसली. मीही हसलो.

अर्ज मी उत्तम लिहिला. 'संस्कृतीस बाधक' हे शब्द माझे. शेवटी नेहमीची ओळ: 'मजकूर वाचून दाखविला, तो कबूल आहे.' एकीलाही वाचून दाखविला नव्हता. पहिला अंगठा पत्नीचा. मुलींच्या संडासाचा अर्ज आहे, असे मी तिला सांगितले. वर्ग बंद पडला.

दिवाळीनंतर मुलगी नळावर चक्कर येऊन पडली. ताप, ओटीपोटात कळा. पाळीचे कापड ती कोणास दिसू नये म्हणून पत्र्यामागे ओलेच कोंबून ठेवी, तसेच वापरी. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संसर्ग आतपर्यंत गेला असावा. पुढे मूल होण्यास अडचण येईल की नाही, ते आज सांगता येत नाही. इतके दिवस लपविले का, असे मी मुलीला विचारले.

"कापड कसं वाळवाचं, थे सिस्टर पुढच्या खेपेले सांगणार होती, बाबा. मंग तुमचा अर्ज आला."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते.

मी नवा अर्ज लिहिला. पत्नीने अंगठा मुठीत धरला.

"पयले वाचा."

वाचला. संडासाच्या थापेची ओळ मी भरभर वाचली. ती ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. मगच अंगठा दिला.

भाऊसाहेबांचे बोलावणे आले. हा अर्ज देऊ नको म्हणाले. मी चपला काढल्या नाहीत, बसलोही नाही.

"भाऊसाहेब, या बारीले इचारही म्याच केला."

सबब विनंती की, वर्ग त्वरित सुरू व्हावा. जुन्या अर्जावरील एकही अंगठा खरा धरू नये. खोट्या लेखनाबद्दल माझ्यावर कारवाई व्हावी. उत्तर लेखी द्यावे. ते मी शाळेच्या फाटकापाशी सर्व मातांना वाचून दाखवीन. उत्तर न आल्यास दर सोमवारी हाच अर्ज वाचीन, माझ्या नावापासून.