पौषातली संकष्टी

धायरीत गुंठ्याचा भाव जसा चढत गेला, तशी गुंठ्यांची काही माणसं कमी होत गेली. मांजरीकडेही तेच, हिंजवडीला जरा जास्तच. एखादा उसात सापडायचा, एखादा विहिरीत, बरेचसे कुठेच नाहीत. ज्यांना निदान प्रेत मिळालं ते घर नशीबवान, असं लोक खरोखर म्हणत. छडा कशाचाच लागला नाही. जमिनींवर मात्र क्लबहाउससकट सगळं उभं राहिलं. अशाच एका इमारतीत मी राहतो. हवा चांगली आहे, पाणी टँकरचं.

तळमजल्यावरच्या बाई मूळ गावच्या. त्यांचे यजमान त्याच काळात जमिनीच्या मोजणीला म्हणून निघाले, ते आलेच नाहीत. बाई कुंकू लावत राहिल्या. "काय झालं ते कळल्याशिवाय पुसायची नाही," म्हणायच्या. त्यांना हळदीकुंकवाला बोलवावं का, यावर सोसायटीतल्या सुविद्य महिलांमध्ये दर संक्रांतीला चर्चा होई. एकीने तर जिन्यातच विचारलं, "अहो, आपल्याला वाण चालतं, की नुसता चहा देऊ?"

मग मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेत बापाच्या नावाआधी श्री. छापायचं की कै., असं व्याह्यांनी विचारलं. तोडगा धाकट्या दिराने काढला. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. शास्त्रात सोय आहे. दिराला उरलेला तुकडा बिल्डरला द्यायचा होता, आणि भाऊ मेल्याशिवाय ते अडत होतं. मुलीसाठी बाई कबूल झाल्या. "माझ्या बाजूचं एक माणूस असू द्या," म्हणून मला घेऊन गेल्या.

घाटावर मांडव होता, खुर्च्यांना पांढरे अभ्रे होते. फ्लेक्सवर थोरला भाऊ पोस्टकार्डाएवढा आणि शोकाकुल धाकटा पुरुषभर. एका भावी नगरसेवकाने गवतासमोर उभं राहून 'समाजाची कधीही न भरून येणारी हानी' झाल्याचं सांगितलं. हानीचं वजन पावशेर असेल.

अग्नी दिल्यावर गुरुजींनी दिराला विचारलं, "वर्षश्राद्धासाठी तिथी कुठली धरायची? माहीत नसेल तर अमावास्या धरू."

दिराला ते लागलं. "अमावास्या बेवारशाला धरत्यात, गुरुजी. आमच्या घराण्यात तसं न्हाय. पौषातली संकष्टी धरा."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? माझा कडक उपास व्हता. चंद्र उगवून गेला तरी घरी याया मिळालं न्हाय. तसाच उपाशी राह्यलो."

कोणीतरी खोकलं. गुरुजींनी डोळे मिटून संकष्टी धरली. बाई शांतपणे म्हणाल्या, "भावजी, हे द्वितीयेला गेले होते."

दीर वाढप्यांवर ओरडला, "अरं, पंगत बसवा की!" पंगत बसली. भावी नगरसेवकाने दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंबरोबर पोलीस चौकीत गेलो. साहेब सभ्य होते. "बाई, तिथी हा पुरावा नाही. पंचांग घरोघरी असतं. आणि त्यांच्या उपासाला साक्षीदार कोण? गणपती?" हवालदार मनापासून हसला.

परतताना रिक्षातून बाईंनी चौकीकडे मागे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या संकष्टीला मी याच चौकीत बसले होते. तेव्हाचे साहेब साबुदाण्याची खिचडी खात होते. म्हणाले, पुरुष माणूस आहे, येईल, घरी जा. म्हणजे तेव्हा जिवंत होते हे. कुठेतरी जवळच. आणि मी गेले हो घरी."

घरी आल्यावर त्यांनी कुंकू पुसलं. पत्रिकेत कै. छापलं, तुकडा विकला गेला.

आता पौषात दिराकडे श्राद्ध असतं. बाई जातात, स्वयंपाकाला हात लावतात. निघताना दिरासमोर उभ्या राहून सगळ्यांदेखत विचारतात, "भावजी, जागा आठवली का?"

"न्हाय वैनी," तो म्हणतो. "लई वर्सं झाली."