कप्तानाने बंद केलेलं चालू इंजिन

त्या कप्तानाचं वाटोळं व्हावं म्हणून मी आमच्या गल्लीतल्या मारुतीपुढे इतके नारळ फोडलेत, की पुजाऱ्याच्या घरी सोलकढीत कधी खंड पडला नाही. मारुतीने मनावर घेतलं नाही. शेवटी मलाच घ्यावं लागलं, दादरला, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पस्तीस पोरांच्या देखत. थोडं वाढवून सांगायची मला खोड आहे, हे भायखळ्यापासून परळपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण इंजिनाबद्दल मी खोटं बोलत नाही. ती लाज मला दादाने लावली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाप गिरणीत साच्यावर, आणि दादा थेट विमानाच्या पंखाखाली. उपनगरातल्या छोट्या धावपट्टीवर एका भाड्याने विमानं देणाऱ्या मालकाकडे तो इंजिनिअर होता आणि मी त्याच्या हाताखाली मेकॅनिक. आमच्याकडे एक सहा माणसांचं विमान होतं, दोन्ही पंखांवर एकेक पंख्याचं इंजिन असलेलं. दादा त्याला कान लावून सांगायचा की आज डाव्याचा घसा बसलाय. आणि खरंच बसलेला असायचा.

रविवारी दुपारी जेवणं झाली की दादा चाळीच्या गॅलरीत मला असल्या विमानांचा इतिहास ऐकवायचा. दोन इंजिनं म्हणजे दुप्पट निर्धास्त, असं सांगून ही विमानं जगभर विकली गेली. मग लोकांच्या लक्षात आलं की एक बंद पडलं की विमान निम्मंही चढत नाही, जवळजवळ चढतच नाही, कारण चढायला जी वरकड ताकद लागते तीच सगळी निघून जाते. वर ते एका बाजूला ओढ खातं. भाजीबाजारात दोन हमाल हातगाडी ओढत असताना डावीकडच्याने हात सोडला तर गाडी डावीकडेच वळणार, तसं. वेग फार कमी झाला की ते उलटं होऊन खाली येतं. हे कळायला किती माणसं गेली, याचा दादाला राग यायचा. शिकवणारे जमिनीलगत मुद्दाम एक इंजिन बंद करायचे आणि शिकणाऱ्याला घेऊन मरायचे, तेव्हा कुठे तो सराव उंचावर आणि जमिनीवरच्या खोट्या विमानात न्यायची अक्कल आली. वेग याच्या खाली जाऊ देऊ नका, असं सांगणारी लाल रेघ काट्याखाली आली, ती सुद्धा अशीच. तो म्हणायचा, त्या तबकडीवरची एकेक रेघ कोणाच्या तरी तेराव्यानंतर ओढलीय.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे पुढे मला कोणी पकडायला नको.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करायचो आणि विमानाची पण. नाकाला हळदकुंकू, दोन्ही पंख्यांना झेंडूचे हार. त्या वर्षी मी हौसेने पंखांखालीही हार सोडायचं ठरवलं. अडकवायला काही सापडेना. डाव्या पंखाखाली एक बोटाएवढी नळी बाहेर आलेली असते, तिला मी हार बांधला आणि तो सुटू नये म्हणून एक फूल देठासकट नळीत खोचलं. उजवीकडे नुसती गाठ पुरली. ती इंधनाच्या टाकीची हवेची नळी. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना, एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत, त्यातलं ते दुसरं भोक. मला हे माहीत होतं. सणाच्या भरात माहीत असलेलं आठवत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हार काढले. फूल आतच राहिलं. एरवी दादा कोळी बाजारातली मासळी पारखावी तसं विमान टोकापासून टोकापर्यंत पारखायचा, त्याच्या हाताखालून टाचणी सुटली नसती. पण त्या दिवशी मालकाचे दोन पाहुणे लवकर आले आणि विमान उडवणारा कप्तान त्याहून उतावळा. दादा विमानाला हात लावायच्या आत त्याने इंजिनं चालू केली. दादाने हात हलवून थांबवलं तर त्याने उलटा हात हलवून टाटा केलं.

विमान उठलं, जेमतेम ताडांच्या वर गेलं आणि डावं इंजिन खोकलं. मग बंद. विमान डावीकडे वळलं, पुन्हा सरळ झालं, आणि मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर एकदम गप्प झालं. दोन्हीकडून गप्प. ते खाजणातल्या चिखलात पोटावर बसलं. देवाची कृपा आणि चिखलाची, कोणी मेलं नाही. एका पाहुण्याचा पाय मोडला, कप्तानाच्या कपाळाला खोक पडली.

आम्ही दोघे मांडीभर चिखलातून धावलो. आधी माणसं काढली. मग दादा उभा राहून उजव्या पंख्याकडे बघत राहिला आणि त्याने मला कोपराने ढोसलं. पात्यांची धार वाऱ्याकडे वळलेली होती. बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याला अडवू नये म्हणून वैमानिक लिव्हर ओढून पाती अशी वळवतो. ती उजवीकडे वळली होती. डावीकडे, जे इंजिन खरोखर मेलं होतं तिथे, पाती होती तशीच सपाट. म्हणजे कप्तानाने मेलेलं सोडून चालू इंजिनाचा गळा आवळला होता.

संध्याकाळपर्यंत मालकाने दोन्ही पंखे सोडवून नेले. चिखलात गंजतील म्हणाला, आणि ते पुन्हा कोणाच्या दृष्टीला पडले नाहीत. चौकशीत कप्तानाने छातीवर हात ठेवून सांगितलं की दोन्ही इंजिनं फुलांमुळे बंद पडली. दादा उजव्या पात्यांबद्दल बोलला, तर पाती कुठे आहेत असं त्यालाच विचारलं. मग विचारलं, हार कोणी घातला? मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, मी. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. माझं नवीन लग्न झालं होतं, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिलो.

दादाचं लायसन गेलं. लालबागला घरी बसून तो मिक्सर आणि टेबलफॅन दुरुस्त करायला लागला. चाळीत त्याला नाव पडलं, फुलवाला. पोरं जिन्यावरून ओरडायची, फुलवाले काका, आमचा मिक्सर उडतो का बघा. तो हसायचा. त्या हसण्याने माझ्या पोटात असा जाळ व्हायचा की त्यावर चाळभर भाकऱ्या भाजून निघाल्या असत्या. आणि तिकडे कप्तानाचे सत्कार. दोन्ही इंजिनं बंद असताना विमान उतरवणारा वीर. त्याला इतक्या शाली मिळाल्या की त्याच्या घरात बायकोने त्यांचे पडदे शिवले असणार. मी एका सत्काराला मागे उभा राहून आलो. त्याने वाक्यागणिक झेंडूचं नाव घेतलं आणि लोक वाक्यागणिक हसले. त्या दिवशी ठरवलं, दादाचं नाव मी याच्याच तोंडून धुऊन घेणार.

वर्षं गेली. दादरला वैमानिक व्हायच्या परीक्षेचे क्लास घेणाऱ्या एका बाईंकडे मी कामाला लागलो होतो. त्यांच्यासाठी मी एक खोटं विमान बांधलं. भंगारातली खुर्ची, स्कूटरच्या स्प्रिंगा लावलेले दोन पेडल, लिव्हर, समोर मोठा पडदा आणि कॉम्प्युटर. एक इंजिन बंद केलं की पायाला असा जोर लागायचा की पोरांच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. उद्घाटनाला प्रमुख पाहुणा कोणाला बोलवावं, असं बाईंनी विचारलं. मी अत्यंत नम्रपणे एक नाव सुचवलं.

एक सांगतो, त्या यंत्रात मी काहीही काळंबेरं केलं नाही. आदल्या आठवड्यात सगळ्या पोरांकडून तोच सराव करून घेतला, बस. दादाचाच नियम पाठ करवला. विमान सरळ ठेवायला जो पाय दाबावा लागतो तो कामाचा, जो रिकामा राहतो त्या बाजूचं इंजिन मेलेलं. आधी रिकामा पाय ओळखायचा, मग त्या बाजूचा थ्रॉटल, म्हणजे ताकद कमीजास्त करणारा दांडा, मागे घेऊन खात्री करायची, काही फरक पडला नाही तरच पाती वळवायची.

कप्तान आला. केस पांढरे, मिशी तेवढी अजून ड्युटीवर. मला ओळखलं नाही. आम्हाला तो तेव्हाही ओळखत नव्हता. भाषण झेंडूसकट झालं. मग मी पुढे होऊन म्हणालो की साहेब, पोरांना एकदा करून दाखवा. दोन्ही नको, एकच बंद करतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि तो बसला. त्याच्या कॉलरला माईक लावलेला होता. तो काढायचं काम माझं होतं. तो राहिला, आणि मी विसरलो म्हणून नव्हे.

पडद्यावर विमान उठलं. मी डावं बंद केलं. नाक डावीकडे गेलं, त्याने उजवा पाय बरोबर दाबला, विमान सरळ झालं. आणि त्याचा हात उजव्या लिव्हरवर गेला. ज्या पायाला कष्ट पडतात तिकडेच दुखणं आहे असं घाबरलेल्या माणसाला वाटतं, दादाने मला हे खाजणाच्या कडेलाच सांगितलं होतं. लिव्हर ओढला. पडद्यावरचं विमान खाडीत गेलं.

तो म्हणाला की खुर्ची तिरकी आहे. मी खुर्ची सरळ केली, पाणी दिलं, पुन्हा डावं बंद केलं. पुन्हा उजवा हात, पुन्हा खाडी. तो आपल्या हाताकडे बघत बसला, जणू तो हात दुसऱ्याच कोणी त्याच्या खिशात घातला होता.

मी वाकून म्हणालो, "साहेब, त्या दिवशीही हेच ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. ओळख पटायला वेळ लागला. "तू त्या फुलवाल्याचा भाऊ."

"हो."

"हाच हात," तो पुटपुटला. "उजवं चालू होतं. मला चिखलात बसल्यावर कळलं." पुटपुटणं चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून गेलं. त्याने चमकून कॉलर चाचपली आणि मग चिडला. "पण डावं? ते तुझ्या भावाच्या फुलानेच बंद पडलं की नाही?"

इथे मला सुटता आलं असतं. पस्तीस पोरं, बाई, माझी नोकरी. पण मग दादाचं नाव अर्धंच धुतलं गेलं असतं.

"हार त्याने घातला नाही," मी माईकच्या जवळ जाऊन म्हणालो. "मी घातला. डावं माझ्या नावावर लिहा, उजवं तुमच्या. दादाच्या नावावर काहीच नाही."

मी दादाला फोन लावला आणि कप्तानाच्या हातात दिला, म्हटलं, हे त्याला सांगा. त्याने सांगितलं. वाक्य साधं होतं, पण त्याला ते बाहेर काढताना बाळंतपणाचे कष्ट पडले. पलीकडे एक मिक्सर घरघरत होता, तो बंद झाला. मग दादाने मला फोनवर बोलावलं.

"पाय कुठला दाबला त्येनी?" दादा घरच्या मालवणीत म्हणाला.

"उजवा."

"म्हणजे पाय शहाणो, हात येडो." तो थांबला. "आणि तू कित्याक सांगितलंस फुलाचं? मी काय तक्रार केली होती?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं," दादा म्हणाला, "आता त्येका बरोबर जमापर्यंत सोडू नको. पोरांका चुकीचा शिकवत फिरता तो."

दादाचा हुकूम. मी कप्तानाला पुन्हा बसवलं. पोरं खुर्च्या पुढे ओढून बसली, एक मुलगी तर मोठ्याने म्हणायला लागली, रिकामा पाय, सर, रिकामा पाय. बाहेर सत्काराचा चहा थंड होत होता. सातव्या वेळी त्याचा हात उजवीकडे निघाला, थांबला, डाव्या थ्रॉटलवर आला, मग डावा लिव्हर. विमान हळूहळू सरळ गेलं. तो घामाने निथळत उठायला लागला.

मी म्हणालो, "बसा साहेब. एकदा जमलं म्हणजे जमलं असं नसतं."

आणखी बारा वेळा करवलं. दादाला मात्र सातच वेळा झालं असं सांगितलं.