वाकलेल्या माणसाला लाथ

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्हा नाशिकच्या काही पोलीस शिपायांना तायक्वांदो शिकवायचं ठरलं. शिकवायला मुंबईहून एक सर यायचे. म्हणायचे, "विद्या कोरियाची आहे, पण तुमचं काम माणूस धरायचं, पाडायचं नाही. आधी बाजूला व्हा, मग मनगट धरा. लाथ सगळ्यात शेवटी." मनगट धरण्यात मला कसली गोडी! माझा पाय समोरच्याच्या कानापर्यंत जायचा आणि त्याची मस्ती डोक्यात गेली होती. खोटं कशाला बोलू?

सरावाआधी जोडीदारांनी एकमेकांना वाकून नमस्कार करायचा, अशी रीत. समोरच्याची मान खाली गेली रे गेली की मी पाय उचलायचो. तो सरळ व्हायच्या आत लाथ बसलेली. पोरं हसायची, "याच्यापुढे वाकू नका रे, हा देवालाही सोडायचा नाही." सरांनी दोनदा चांगलं झापलं. मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

एकदा नाशिकरोड स्टेशनबाहेर माझी ड्यूटी होती. एका टांगेवाल्याने टांगा रस्त्यात मधोमध उभा केला. हटकलं, तर म्हणाला, "पाच मिन्टं सायेब, इगतपुरीकडची सवारी येतीय." पाच मिनिटं! माझं टाळकंच सटकलं. त्याचा बिल्ला काढून घेतला. बिल्ला नाही म्हणजे टांगा बंद, घरची चूल बंद. तो गयावया करायला लागला आणि माझे पाय धरायला वाकला. त्याची मान खाली गेली आणि माझा पाय उठला.

बूट थेट जबड्यावर बसला. तो मटकन खाली बसला, तोंडातून रक्ताची धार. सवयीने झालं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. पण त्याचे हात माझ्या बुटांकडे येताना मला दिसले होते. स्पष्ट दिसले होते. लाज वाटते ती त्याची.

रिपोर्टात मी लिहिलं, इसम अंगावर धावून आला. आठवड्याने टांगेवाला बिल्ला परत मागायला आमच्या ठाण्यात साहेबांपुढे उभा राहिला. जबडा बांधलेला, शब्द फुटत नव्हता. बायकोला सोबत आणलं होतं. ती म्हणाली, "सायेब, हे खुणा करून सांगत्यात, पाया पडत व्हते म्हणून. मी काय तिथं नव्हते."

साहेब माझ्याकडे वळले. "काय रे? खरं काय ते सांग."

चुकलं साहेब, एवढंच म्हणायचं होतं. फार तर मनमाडला बदली झाली असती. पण सगळे शिपाई बघत होते, आणि मी भेकड निघालो. छाती काढून म्हणालो, "अंगावर आला साहेब."

बिल्ला रद्द झाला. बाईने एकदा माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला दाराकडे ओढत नेलं. "चला. पोलीसदादा कशापायी खोटं बोलतील? तुमीच गेला आसाल अंगावर. लय तापट हाय तुमी."

तो तिच्याकडे बघून नुसती मान हलवत राहिला. नाही, नाही. दाराबाहेर जाईपर्यंत.