सेक्शनवरचा आड

नांदेडला आमच्या ऑफिसात रस्ता दर वीस मीटरला आडवा कापला जायचा. कॉम्प्युटरवर, अर्थात. कांदा कापल्यावर दिसतो तसा आतला सगळा छेद समोर येतो: जमीन कुठं उंच, कुठं खोल, त्यावर नवा रस्ता, कडेला गटार. याला आम्ही सेक्शन म्हणतो. जमिनीची रेघ हिरवी, रस्त्याची लाल, आणि या दोन रेघांपलीकडं जगात काही असतं यावर सॉफ्टवेअरचा विश्वास नाही. झाड, खांब, विहीर, काहीही दाखवायचं तर ते नकाशावर हातानं निवडून सेक्शनवर आणावं लागतं, शेजारी नाव लिहावं लागतं. ती वस्तू दोन सेक्शनच्या मधे पडली तर तिच्यासाठी वेगळा सेक्शन घ्यायचा. सांगितल्याशिवाय ते काहीही बघत नाही. या बाबतीत ते आमच्या साहेबांवर गेलं होतं.

साहेबांना सेक्शन स्वच्छ लागायचे. झाडं, खांब, विहिरी या सगळ्याला ते कचरा म्हणत. कचरा दिसला की मंजुरी देणारे प्रश्न विचारतात, आणि आपल्या कागदावर एकही प्रश्न यायला नको, हे त्यांचं धोरण. मी त्यांची लाडकी होते. माझ्याइतके स्वच्छ सेक्शन अख्ख्या मराठवाड्यात कुणी काढत नसेल, आणि मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मुखेडकडून लातूर जिल्ह्यात जाणारा एक रस्ता रुंद करायचा होता. मोजणी करणारे आमचे चाचा जुने जाणते. मशीनमध्ये प्रत्येक बिंदूला ते दोन इंग्रजी अक्षरांची खूण टाकायचे. झाडाला टीआर, खांबाला पीएल. एका वस्तीपाशी गोल करून चार बिंदू घेतलेले होते, चारही ‘एडी’. मी क्षणभरही न थांबता ठरवलं, एडी म्हणजे ॲडिशनल. जादाचे. चाचांनी उगाच चार बिंदू वाढवले म्हणून मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली, त्यांचा लेअर बंद केला, म्हणजे ते पडद्यावर दिसेनासे केले, आणि गटाराची रेघ सरळ नेली. काय सुरेख सरळ गेली होती!

मंजुरीआधी जागेवर आखणी करून बघायची होती, म्हणून मी गेले. मजूर फक्कीनं गटाराची पांढरी रेघ मारत चालले होते. ती एका दगडी कठड्याला जाऊन टेकली. कठड्यावर कळशी ठेवून एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. आपली हयात अंगणवाडीत शिकवण्यात गेली, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं, म्हणजे मी त्यांना अडाणी समजू नये. मग विचारलं, ही रेघ कुठं चालली? मी म्हणाले, गटार आहे.

“पोरी, हा आड हाय.”

आड. माझं माहेर मुदखेडचं. दहावीपर्यंत मी रोज आडाचं पाणी शेंदलं, हाताला घट्टे पडले होते. आणि तोच शब्द इंग्रजी अक्षरांत समोर आला तेव्हा मला तो ॲडिशनल वाटला.

गावच्या विहिरीवर त्यांच्या माणसांना चढू देत नव्हते, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी आणि भावकीतल्या चौघांनी मिळून हा आड खांदला, असं बाई सांगत होत्या. पुढं सगळी वस्ती बौद्ध झाली. नंतर नळही आला, पण त्याला पाणी आठवड्यातून एकदा. आड मात्र भर उन्हाळ्यातही आटत नाही. तो गेला तर वस्तीनं प्यायचं काय, हा त्यांचा साधा सवाल होता. मग त्यांनी माझ्या हातातला कागद मागून घेतला आणि सावकाश पाहिला.

“ह्यात तर आम्ही न्हाईच की.”

मी मजुरांना थांबवलं आणि तिथूनच चाचांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, एडी म्हणजे आड, मॅडम, और क्या?

ऑफिसात येऊन लेअर चालू केला. आड नेमका दोन सेक्शनच्या मधे होता. त्याच्या मधोमध नवा सेक्शन घेतला, आड त्यावर आणला. लाल गटार थेट त्याच्या तोंडात उतरत होतं. साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, काढून टाक, प्रश्न येईल. मी पहिल्यांदाच नाही म्हणाले. हवं तर तुम्ही काढा, असंही म्हणाले. त्यांना सॉफ्टवेअर येत नव्हतं. मग मी शेजारी ठळक मराठीत ‘आड’ लिहिलं आणि फाइल मंजुरीसाठी लातूरला पाठवली.

तिथल्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट नव्हता. फॉन्ट नसला की अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह छापलं जातं. कागदावर एकही प्रश्न येऊ न देणाऱ्या साहेबांच्या नावाचा कागद, आणि त्यावर ऐन गटारात दोन ठळक प्रश्नचिन्हं. लातूरच्या इंजिनिअरांनी फोन करून विचारलं, हे काय आहे? मी सगळं सांगितलं. ते जागेवर जाऊन आले आणि गटार रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेलं.

नवी रेघ मारायला गेले तेव्हा मंजूर झालेला कागद मुद्दाम सोबत नेला. बाईंनी चष्मा लावून आपला आड शोधला.

“इथं तर नुस्ती दोन प्रश्नचिन्हं हायत.”

मी फॉन्टचं समजावून सांगायला लागले. त्यांनी कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आजवर कुणी तेवढं बी इचारलं नव्हतं.”