सर्व्हेअर यायच्या आधी पत्रे चढवले

थोरल्या भावाच्या माघारी गिरणी वहिनींनीच चालवली. एका बाजूला दळण, दुसऱ्या बाजूला मिरची कांडप. आमच्या कोल्हापुरात उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते; ते चटणीचे दोन-अडीच महिने ज्याचं कांडप नीट चाललं, त्याचं वर्ष निघालं. मी त्यांचा धाकटा दीर. आयुष्य कारकुनीत घातल्यामुळं घरातले सगळे कागद आपल्यालाच कळतात, अशी माझी समजूत. गिरणीचा विमा मीच उतरवला होता. बरोबर केलेलं काम तेवढंच.

ऐन चटणीत वळीव आला. वाऱ्यानं गिरणीचे पत्रे उचलून गल्लीत फेकले आणि वरून गारांसकट पाऊस आत. कांडपाची मोटर चालू होती, ती जळाली. दळणाची मोटर पाण्यात बसली. सात-आठ बायकांनी भाजून आणलेल्या मिरच्यांचा लगदा झाला.

मग मी पुढाकार घेतला. माझ्या पुढाकाराचा घरात सगळ्यांना धसका आहे. विमा कंपनीला फोन केला, तर सर्व्हेअर परवा येतील म्हणाले. परका माणूस दारात येणार आणि गिरणीला छप्पर नाही, हे मला बघवेना. तालमीतली मंडळी बोलावली, उसने पत्रे आणले आणि संध्याकाळच्या आत चढवले. वाकडे झालेले पत्रे मागच्या गोठेवाल्याला देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी फरशी धुतली, भिंतीवर पाण्याचे ओघळ दिसत होते म्हणून चुना मारला, दोन्ही मोटरी रिवाइंडिंगवाल्याकडं नेऊन टाकल्या.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, मग त्यो बघायला काय येणार हाय?"

"वहिनी, आल्या माणसाला टेकायला जागा पायजे की."

सर्व्हेअर आले. पोहे झाले, चहा झाला. त्यांनी विचारलं, "नुकसान बरंच झालं का?" यावर मी तेच बोललो, जे आमच्याकडं कुणीही पाहुण्यांसमोर बोलेल. "छे ओ, एवढं काय न्हाय. वळीव म्हटल्यावर चालायचंच."

महिन्याभरानं पत्र आलं. दावा नामंजूर. पाहणीत विशेष नुकसान आढळलं नाही आणि विमाधारकाच्या दिरांनीही तसंच सांगितलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझं बोलणं कुणी इतकं शब्दाला शब्द लिहून घेतलं नव्हतं.

वहिनी चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दिवाळीपतूर बघतो. न्हाय सुरू झाली तर जागा मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊन टाकतो." मोबाइलवाला दोनदा येऊन शटर मोजून गेला होता.

चटणीच्या एका गिऱ्हाईक बाईनं त्यांना सांगितलं, की कोर्टात बायकांना फुकट वकील मिळतो. मी म्हणालो, "फुकटचा वकील म्हणजे कसला असणार?" वहिनींनी तोवर चपला घातल्या होत्या. मी मागनं फाइल घेऊन.

वकीलबाई तिशीच्या असतील. पत्र दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "काका, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितली?"

"ती मागता येते?"

"उडालेले पत्रे कुठायत?"

"दिले."

"भिजलेल्या मिरच्या?"

"उकिरड्यात."

"फोटो?"

फोटो होते, पण पत्रे चढवतानाचे. सगळे हसतायत, मी मधोमध.

वकीलबाईंनी फाइल मिटली. "काका, चोरसुद्धा इतकं आवरून जात नाही." मग वहिनींकडं वळून म्हणाल्या, "पण काकू, नुकसान झालंय ना? मग त्याच्या खुणा कुठंतरी असणारच."

आणि खुणा होत्या. वाकडे पत्रे गोठ्याच्या कुडाला लावलेले होते. वकीलबाई शेणातनं चालत गेल्या आणि म्हशी बाजूला सारून त्यांनी स्वतः फोटो काढले. मोटरी पाण्यानं जळाल्या, असं रिवाइंडिंगवाल्यानं लिहून दिलं. ज्यांच्या मिरच्या भिजल्या, त्या सगळ्या बायका सह्या करायला आल्या. एकीनं प्रतिज्ञापत्रात "माझी संकेश्वरी हुती, साधी न्हाय" हे घातल्याशिवाय अंगठा उठवला नाही. कंपनीला नोटीस गेली, ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली आणि कंपनी फेरपाहणीला तयार झाली.

त्याला वकीलबाईंची एकच अट होती. काका तिथं नकोत.

म्हणून त्या दिवशी मला मलकापूरला धाडलं, आजारी चुलत्यांना बघायला. चुलते ठणठणीत होते. मला बघून तेच घाबरले, म्हणाले, "का रं, कोण गेलं काय?"

तिकडं काय झालं ते वहिनींनी नंतर सांगितलं. नवे सर्व्हेअर खुर्चीत बसायला लागले, तर ह्या म्हणाल्या, "पावणं, बसू नगा. आधी बघा, मग च्या." आणि खुरप्यानं भिंतीवरचा माझा चुना खरवडून खालचे ओघळ दाखवले. विचारलं तेवढं सांगितलं. 'चालायचंच' एकदाही म्हणाल्या नाहीत.

दसऱ्याच्या सुमाराला मंजुरी आली. मागितलेलं सगळं नव्हतं, पण मोटरींपुरतं होतं. सोबत एक कागद होता, 'आता आमचं काहीही मागणं उरलेलं नाही' असा. मी आनंदानं पेन काढलं. वकीलबाईंनी कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला. "ह्यावर सही केली की बाकीचं संपलं. आपण वेगळं लिहून देऊ, एवढं घेतोय, उरलेल्याचा हक्क सोडत नाही." ते पत्र वहिनींनी मोठ्यानं दोनदा वाचलं आणि खाली सावकाश, पूर्ण नावानं सही केली. कंपनीनंही मग तेवढ्यावर रक्कम सोडली.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात नवी मोटर बसली. चकलीच्या भाजणीचे डबे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत लागले होते. मोबाइलवाला पुन्हा चौकशीला आला, तर वहिनींनी त्याला रांगेत उभं केलं. नंतर तो घरनं डबा घेऊन आला.

उरलेल्या दाव्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकीलबाई म्हणतात, वेळ लागेल, पण आपली बाजू धड आहे. वहिनींनी त्या दिवसासाठी पुठ्ठ्यावर पाटी आत्ताच लिहून ठेवलीय, "कोर्टात गेलोय. दोन वाजता येतो. डबं ठेवून जावा."

मलाही बरोबर यायची परवानगी आहे. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, या बोलीवर.