खिडकीजवळच्या खिळ्यावरचा कोट

कोट शिवायच्या कारखान्यात त्यांना सगळे कॉलरमास्तर म्हणत. उभा जन्म कॉलरी बसवण्यात गेला, पण माणसांत बसणं काही जमलं नाही. कोणी दारात कुजबुजलं की मास्तरांना वाटे, आपल्याबद्दलच. मन चिंती ते वैरी न चिंती, तशातली गत.

एका संध्याकाळी मालकीणबाईंनी मास्तरांनी शिवलेला राखाडी कोट उचलला, कॉलर उलटून पाहिली आणि "हं" म्हणाल्या. बाकी काही नाही. चांगलं काम इस्त्रीच्या दांडीवर जाई, बिघडलेलं उसवायच्या टोपलीत. हा कोट मात्र त्यांनी खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवला. तिथे आजवर कोणाचाच कोट लागला नव्हता. टोपलीपेक्षाही वाईट जागा, मास्तरांनी ठरवून टाकलं. आता नोकरी जाणार. या वयात दुसरीकडे कोण उभं करील?

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. पुतणी मेंदूचा अभ्यास करायची. तिला प्रयोगासाठी माणसं हवी होती, आणि नाही म्हणायची मास्तरांना भीती वाटायची. म्हणून तिच्या खोलीत मेंदूच्या लहरी टिपणारी ओल्या तारांची टोपी घालून ते बसले. पडद्यावर एकेक शब्द उमटे, शेवटचा उशिरा. 'साहेबांनी तुमचं काम पाहिलं आणि ते...' मास्तर बोलणी खायच्या तयारीने बसले. '...खूश झाले.'

नंतर पुतणीने टोपीने टिपलेल्या रेघा दाखवल्या. "काका, वाईट शब्द आला की तुमची रेघ गप्प. चांगला आला की कशी उसळते बघा! बऱ्याच जणांचं उलट असतं."

"म्हणजे डोकं बिघडलंय?"

"छे हो! वाक्य संपायच्या आतच तुम्ही शेवट करून टाकता, तोही वाईट. म्हणून चांगल्याला दचकता."

पटलं. पण मनाला कोण समजावणार?

पुढच्या सकाळी मास्तर सगळ्यांच्या आधी पोहोचले. कोट खिळ्यावरच होता. बोलणी खाण्याआधी चूक सुधारावी म्हणून त्यांनी टाके उसवायचं पातं घेतलं आणि कॉलर उसवायला लागले. चूक कुठे आहे ते सापडत नव्हतं, तरी उसवतच राहिले. अर्धी कॉलर लोंबायला लागली तोच मालकीणबाई आत आल्या. मागे नव्याने कामाला लागलेल्या दोन बायका.

"अहो मास्तर! हे काय केलंत?"

मास्तरांनी पातं बाजूला ठेवलं.

"यांना दाखवायला ठेवला होता मी तो. कॉलर कशी बसते ते कळावं म्हणून. आणि तुम्ही त्याचीच मान कापलीत?" त्यांनी कपाळाला हात लावला. "बसा आता. यांच्यासमोर लावा परत."

मास्तर हादरले. आयुष्यात कधी विचारलं नव्हतं ते कसंबसं तोंडातून निघालं, "शिक्षा म्हणून... की शिकवायला?"

"दोन्ही!" मालकीणबाई म्हणाल्या, आणि हसू दाबत चहा सांगायला गेल्या.

मास्तरांनी सुई ओवली. दोघींतली एक वाकून बघत होती, कपाळावर आठी. संपलं, मास्तरांना वाटलं, हिलासुद्धा चूक दिसली. सुई थांबली. पातं बाजूलाच पडलं होतं.

"काय... काय चुकलं का, ताई?"

"चुकलं कुठे? तुमच्या डोक्याची सावली पडतेय, मास्तर. जरा सरका ना, टाका दिसू दे."

मास्तर सरकले. छातीतली धडधड काही थांबली नाही. त्या धडधडीसकट त्यांनी पुढचा टाका घातला.