पटावर नाव, बाहेरून कडी

"लिही. स्वखुशीने असं लिही," हेडमास्तर म्हणाले आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. शेजारी खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणाले नाहीत. मी टेबलावर वाकून पेन धरलं. माझा चौदा वर्षांचा मुलगा दाराशी फरशीवर उकिडवा बसून मनगट चावत होता. त्याच्या बोटांची सालं निघाली होती. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे बोलत होते प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या फुटलेल्या काचेबद्दल.

झालं होतं ते असं. त्या दिवशी शाळेत साहेब तपासणीला येणार होते. नववीच्या फळ्यावर रंगीत खडूने स्वागत लिहिलं. माझा मुलगा स्वमग्न आहे. साहेबांसमोर तो ओरडला तर काय, म्हणून त्याला बेंचवरून उठवून प्रयोगशाळेत नेलं आणि बाहेरून कडी लावली. तासभर तो दार बडवत होता. साहेब चहा पिऊन गेले, मग मला फोन आला. "पोरगं हाताबाहेर गेलंय, घेऊन जा." कोंडल्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. ते शिपाईणमावशींनी माझ्या कानात सांगितलं. चोर तो चोर, वर शिरजोर.

हेडमास्तर मजकूर सांगू लागले. "माझ्या मुलामुळे इतर मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येतो. म्हणून मी त्याला स्वखुशीने घरी ठेवत आहे."

मी विचारलं, "म्हंजे त्याचं नाव काटता का, सर?"

"छे, छे. नाव राहू दे पटावर. फक्त पोराला आणू नको."

नाव हवंच त्यांना. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की मास्तर जातो. नाव ओरडत नाही, नाव दार बडवत नाही. बाहेर भिंतीवर 'एकही मूल शाळेबाहेर नको' असं रंगवलंय आणि खाली चाकाच्या खुर्चीत हसणारा एक गोरागोमटा मुलगा काढलाय. या लोकांना अपंगसुद्धा भिंतीवरचाच लागतो.

मी पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं. त्याची जागा बदलायची असेल तर आदल्या दिवशी सांगा. घंटेच्या आधी नुसतं 'घंटा होणार' म्हणा. त्याचा जीव घाबरला तर ओढू नका, पोरांची गर्दी हटवा, तो आपोआप शांत होतो. एवढंच. बी.एड. झालेल्यांना एवढंही झेपलं नाही. बुलढाण्याहून आणलेलं त्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र मात्र त्यांनी लगेच फाइलला लावलं.

माझीही लाज सांगते. तीन वर्षं मी यांच्यापुढे 'चुकलं सर, चुकलं बाई' करत आले. मी शिवणकाम करते. बाईंच्या साड्यांना फुकट फॉल लावून दिले. वाटलं, पोराकडे जरा बघतील. एका बाईंनी बघितलं. म्हणाल्या, "टीव्हीवर दाखवतात तसं काही खास येतं का याला?" नाही येत. गणितात नापास होतो तो. खास काही आलं तरच यांच्या लेखी तो माणूस.

"लिहितेस ना?" हेडमास्तर म्हणाले. "तुम्हा लोकांना सवलती तेवढ्या बरोबर कळतात."

आम्ही बौद्ध. 'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, ते मला लहानपणापासून कळतं. तरी मी लिहीत होते. 'स्वखुशीने' लिहून झालं होतं.

तेवढ्यात दाराशी मुलगा म्हणाला, "आई, वर्गात जायचं हाये." मग पुन्हा, "वर्गात जायचं हाये."

ज्या शाळेने कोंडलं, तिथेच त्याला जायचं होतं. आणि मी, त्याची आई, त्याला बाहेर काढणारा कागद लिहीत होते. मला माझीच किळस आली. मी सगळ्यावर काट मारली आणि खाली लिहिलं: "आज शाळेत माझ्या मुलाला प्रयोगशाळेत कोंडून बाहेरून कडी लावण्यात आली. त्याच्या हाताला जखम झाली आहे. कडी कोणी लावली आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे मला लेखी कळवावे."

"याची पोच द्या," मी म्हणाले. "शिक्का मारून."

हेडमास्तरांनी वाचलं. इतका वेळ मी 'तू' होते, एका वाचनात 'ताई' झाले. "ताई, बसा ना. एवढं ताणायचं कशाला? शाळा आपलीच आहे." खुर्ची आता दिसली त्यांना.

"बसाले नाही आली मी. पोच द्या."

"पण तुम्ही त्याला घरी ठेवणार होतात ना?"

"मी काऊन ठेवू? तो अर्ज तुमी लिहा, सर. तुमच्या नावानं. लिहा, आमाले या पोराले शिकवता येत नाही. खाली सही करा."

हेडमास्तरांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मी उभीच राहिले. शेवटी त्यांनी खूण केली आणि ऑफिसातल्या बाबूने पोचेवर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी मुलाला नववीच्या वर्गात, त्याच्या बेंचवर बसवलं. हेडमास्तर दारात येऊन गोड हसले. मी हसले नाही. यांच्याकडे माया मागायला मी जात नाही आता, ती यांच्याजवळ नाहीच. तो पुन्हा ओरडेल. बेंच बडवेल. तुमचा तास मोडेल, तुम्हाला त्रास होईल. होऊ द्या. दहावीची परीक्षा तो याच शाळेतून देणार.